व्हाइट्सबर्गचे रेडिओ केंद्र कोणाच्या पैशावर चालावे?

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्व टोकाला, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून, लेचर नावाची डोंगराळ काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. १९४० च्या जनगणनेत तिथे चाळीस हजारांहून अधिक माणसे राहत होती. २०२० मध्ये तो आकडा साडेएकवीस हजारांवर आला. आधी यंत्रे आल्यामुळे कोळसा काढायला माणसे लागेनाशी झाली, मग वीजनिर्मितीला स्वस्त वायू मिळू लागल्यावर तिथला कोळसाही फारसा कुणाला लागेनासा झाला. या काउंटीचे मुख्य गाव व्हाइट्सबर्ग. तिथून १९८५ पासून ८८.७ मेगाहर्ट्झवर डब्ल्यूएमएमटी हे केंद्र चालते. ते जाहिराती घेत नाही, त्याचे बहुतेक निवेदक पगाराविना काम करणारे गावकरी आहेत, आणि त्यावर जुनी फिडल-बॅन्जोची गाणी, ब्लूग्रास, कंट्री असे डोंगरातले संगीत दिवसभर वाजत असते. अशा केंद्राचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न गेल्या काही काळात अमेरिकेत तातडीचा झाला आहे, आणि माझ्या मते तो चुकीच्या पद्धतीने विचारला जात आहे.

२०२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. १९६७ च्या कायद्याने अस्तित्वात आलेले सार्वजनिक प्रसारण महामंडळ हा पैसा देशभरातील दीड हजारांहून अधिक स्थानिक केंद्रांपर्यंत पोहोचवत असे. निर्णयाच्या पुढच्याच महिन्यात महामंडळाने आपले काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सगळा वाद राष्ट्रीय बातम्यांमधील कथित पक्षपाताभोवती झाला. मोठ्या शहरांतील केंद्रांना देणग्या देणारे सधन श्रोते असतात, त्यामुळे ती कशीबशी तरतील. ज्या भागात देणगी देऊ शकणारा वर्गच उरलेला नाही, तिथल्या केंद्रांची मात्र पंचाईत होणार आहे. त्यावर उत्तर दिले जाते की ज्याला गाणी ऐकायची असतील त्याने पैसे भरावेत, करदात्याने का भरावेत? हे उत्तर ऐकायला रोखठोक वाटते, पण त्यात एक मोठी गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. खाणपट्ट्यातून गेली शंभर-सव्वाशे वर्षे जे बाहेर नेले गेले, त्याचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. माझे म्हणणे असे आहे की खाणपट्ट्यातील स्थानिक रेडिओ केंद्र हे सार्वजनिक पैशावर चालले पाहिजे, आणि त्या पैशाचा पहिला वाटा खनिजावरील करातून आला पाहिजे.

हे म्हणताना मी गाण्यापासून सुरुवात करतो, कारण ‘नुसती गाणी’ हा शब्दप्रयोग या वादात फार वेळा येतो. कंट्री संगीताचा इतिहास सांगताना १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी निर्माते राल्फ पीर यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांचा उल्लेख हटकून होतो, कारण कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या पुढे गाजलेल्या गायकांची पहिली मुद्रणे तिथे झाली. पण ध्वनिमुद्रिका क्वचित निघे. रोजच्या रोज गाणे जगवण्याचे काम रेडिओने केले. त्याच ब्रिस्टलमध्ये १९४६ च्या अखेरीस डब्ल्यूसीवायबी केंद्रावर दुपारच्या जेवणाच्या वेळी गाण्यांचा एक कार्यक्रम सुरू झाला. डिकन्सन या शेजारच्या खाणकाउंटीतील स्टॅन्ली बंधू त्यावर गाऊ लागले आणि डोंगराडोंगरांतील घरांत ओळखीचे झाले. केंद्राकडून मिळणाऱ्या मानधनावर गायकांचे घर चालत नसे. मिळकत होई ती संध्याकाळी, एखाद्या शाळेच्या खोलीत तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमाची. आणि उद्या कुठल्या दरीतल्या शाळेत गाणार आहोत, हे दुपारी रेडिओवर सांगता येत असे. त्या दुपारच्या तासाभोवती, त्या शाळांच्या खोल्यांत, आज जगभर ब्लूग्रास म्हणून ओळखली जाणारी शैली घडत गेली. ऐकणारे खाणकामगार आणि शेतकरी होते, गाणारेही त्यांच्यातलेच होते, आणि दोघांच्या मधे एक लहानसे केंद्र होते. ते केंद्र चारशे मैलांवरून चालवले गेले असते, तर त्याला शाळेच्या खोलीचा पत्ता कशाला ठाऊक असता?

कंट्री गायिका लोरेटा लिन यांचे उदाहरण यापुढचे आहे. केंटकीतील जॉन्सन काउंटीत, व्हॅन लिअरच्या कोळसाखाणीजवळच्या बुचर हॉलो या दरीत, एका खाणकामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओवर शनिवारी रात्री नॅशव्हिलहून येणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम त्या ऐकत. १९६० मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका एका लहानशा कंपनीने काढली, तेव्हा तिच्या प्रसिद्धीसाठी पैसा नव्हता. लिन आणि त्यांचे पती गाडीत मुद्रिका घालून एका केंद्राहून दुसऱ्या केंद्राकडे गेले, निवेदकांना भेटले, ही वाजवून पाहा म्हणाले. निवेदकांनी वाजवली, आणि ती मुद्रिका बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. यात लिन यांची जिद्द आहेच. पण दार उघडणाऱ्या निवेदकाच्या हातात आज काय वाजवायचे हे ठरवण्याचा अधिकार होता, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. तो अधिकार नसता तर ती गाडी कितीही फिरली असती तरी उपयोग नव्हता.

तो अधिकार पुढे कायद्याने नाही, पण कायद्यामुळे गेला. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली. त्याआधी ती मर्यादा चाळीस केंद्रांची होती; कायद्यानंतर काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे आली. इतकी केंद्रे विकत घ्यायला कर्ज काढावे लागते, कर्ज फेडायला खर्च कापावा लागतो, आणि रेडिओ केंद्राचा कापता येण्याजोगा सर्वांत मोठा खर्च म्हणजे माणसे. मग एकाच शहरात बसलेला निवेदक दहा गावांसाठी आपला आवाज आगाऊ मुद्रित करून ठेवू लागला आणि वाजवायच्या गाण्यांची यादी मुख्यालयातून येऊ लागली. कंट्री हा अमेरिकेत सर्वाधिक केंद्रांवर वाजणारा प्रकार आहे. म्हणजे कंट्री वाजवणारी केंद्रे कमी झाली, अशी तक्रार कुणाला करता येणार नाही. कमी झाले ते त्या केंद्रांत बसलेले, दार उघडू शकणारे माणूस. आज एखादी तरुण गायिका आपली मुद्रिका घेऊन अशा केंद्राच्या दारी गेली, तर आत तिला बहुधा एक संगणक भेटेल.

याचा परिणाम केवळ गाण्यावर होत नाही. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटा राज्यातील मायनॉट गावाजवळ मालगाडी घसरली आणि टाक्यांतून अमोनिया वायू पसरला. एकाचा मृत्यू झाला, शेकडो लोकांना बाधा झाली. गावातील सहा व्यापारी केंद्रे एकाच कंपनीची होती, आणि त्या रात्री इशारा देण्यासाठी पोलिसांना तिथे वेळेवर कुणी सापडले नाही. कंपनीने दोष पोलिसांच्या आणीबाणी-यंत्रणेच्या वापरावर ठेवला; यंत्रणेत त्रुटी होत्या हेही खरे असेल. पण ज्या केंद्रात रात्री एक माणूस जागा असतो, तिथे यंत्रणा बिघडली तरी दार ठोठावता येते. खाणपट्ट्यात, जिथे कोळसा धुतलेल्या गाळाची धरणे, जुने बोगदे आणि अरुंद दऱ्या आहेत, तिथे या एका जागत्या माणसाची किंमत कशी करायची?

आता व्हाइट्सबर्गकडे परत येतो, कारण सर्वसाधारण तत्त्वापेक्षा त्या केंद्राने काय केले हे पाहिल्यावर माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. डब्ल्यूएमएमटी ही अ‍ॅपलशॉप या संस्थेची शाखा. ही संस्था १९६९ मध्ये सरकारच्या गरिबीविरोधी कार्यक्रमातून, स्थानिक तरुणांना चित्रपटनिर्मिती शिकवण्यासाठी सुरू झाली होती. म्हणजे तिचे मूळ सार्वजनिक पैशातच आहे. पुढे महामंडळाच्या अनुदानातून या पट्ट्यातील काही केंद्रांनी मिळून ‘ओहायो व्हॅली रीसोर्स’ नावाचे वार्तांकनाचे एक सामायिक काम उभे केले, त्यात डब्ल्यूएमएमटी होते. २०१६ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सार्वजनिक रेडिओने ब्लॅक लंगच्या, म्हणजे कोळशाच्या धुळीने फुप्फुस निकामी करणाऱ्या रोगाच्या, सर्वांत घातक अवस्थेविषयी जो शोध प्रसिद्ध केला, त्यात या वार्तांकनाचा हात होता. सरकारी संशोधन संस्थेच्या नोंदीत पाच वर्षांत अशा ९९ रुग्णांची नोंद होती. पत्रकारांनी दवाखान्यांकडे विचारणा केली तेव्हा त्या दशकातील रुग्णांची संख्या ९६२ वर गेली. त्याच सुमारास सरकारी संस्थेच्या अहवालात पूर्व केंटकीतील क्ष-किरणतज्ज्ञाच्या एकाच दवाखान्यातील ६० रुग्ण समोर आले. कायद्याने आटोक्यात आला असे मानलेला रोग नव्या पिढीत परतला होता, कारण कोळशाचे थर पातळ होत गेल्याने यंत्रे त्याबरोबर खडकही कापत होती आणि कामगाराच्या छातीत कोळशासोबत वाळूच्या दगडाची धूळ जात होती. जिथे ही माणसे खोकत होती त्याच गावांत राहणारे वार्ताहर नसते, तर सरकारी आकड्यांना आव्हान देण्याचे कारण दूरवरच्या कुणाला सुचले असते, असे मला वाटत नाही.

याच केंद्राचे दुसरे काम मला अधिक हलवून जाते. १९९० च्या दशकाच्या शेवटी सीमेपलीकडे व्हर्जिनियातील वाइज काउंटीत रेड ओनियन आणि वॉलेन्स रिज हे दोन अतिसुरक्षित तुरुंग उघडले. खाणीतील रोजगार गेला म्हणून डोंगरात तुरुंग आले, आणि त्यांत दूरच्या शहरांतले, बहुतांश कृष्णवर्णीय, कैदी आणले गेले. डब्ल्यूएमएमटीवर हिप-हॉपचा एक कार्यक्रम चालत असे. तो ऐकून कैद्यांची पत्रे केंद्राकडे येऊ लागली. त्यांतून ‘कॉल्स फ्रॉम होम’ हा कार्यक्रम उभा राहिला: कैद्याची आई, पत्नी किंवा मूल केंद्राला फोन करून निरोप सांगते आणि कोठडीतल्या रेडिओवर तो ऐकू येतो. भेटीला यायचे तर एका दिवसात जाऊन परतणे ज्यांना शक्य नाही, त्या कुटुंबांसाठी हा निरोप फार मोलाचा आहे. ब्लूग्रास वाजवणाऱ्या एका डोंगरी केंद्राने परक्या शहरातल्या आयांसाठी आपली वेळ खुली केली. कोणत्याही बाजारपेठेच्या पाहणीत हे श्रोते ‘ग्राहक’ म्हणून मोजले गेले नसते.

२०२२ च्या जुलैअखेरीस पूर्व केंटकीत महापूर आला आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. नदीकाठची अ‍ॅपलशॉपची इमारत पाण्यात बुडाली, अर्ध्या शतकाच्या फिती आणि छायाचित्रे चिखलात गेली, केंद्र बंद पडले. पुढे एका फिरत्या वाहनात केलेल्या छोट्याशा स्टुडिओतून ते पुन्हा बोलू लागले. इथे इंटरनेटचा मुद्दा येतो. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, सगळे संगीत त्यावर आहे, मग केंद्र कशाला, असा प्रश्न शहरातला माणूस सहज विचारतो. या दऱ्यांमध्ये फोनचा सिग्नल एका वळणावर मिळतो आणि पुढच्या वळणावर जातो; पूर आला की मनोरे आणि तारा आधी पडतात; आणि सेलवर चालणारा रेडिओ तेव्हाही वाजतो. शिवाय संगणकाने निवडलेले गाणे ऐकणाऱ्याला त्याच्या आवडीचे काहीतरी देते, पण पुढच्या दरीतला शेजारी आत्ता हेच ऐकतो आहे, ही जाणीव त्यातून येत नाही. गाण्यामागून गाणे ऐकत असताना मधेच कुणाच्या अंत्यविधीची वेळ, रस्ता बंद असल्याची सूचना, शाळेच्या जेवणाचे निमंत्रण कानावर पडते, तेव्हा गाव म्हणजे काय हे कळते.

श्रोत्यांनी वर्गणी काढून केंद्र चालवावे, ही सूचना मात्र गांभीर्याने घेण्यासारखी आहे, कारण तसे घडलेले आहे. बोलिव्हियाच्या कथील खाणींतील कामगारांनी १९४० च्या दशकापासून आपली स्वतःची रेडिओ केंद्रे उभी केली आणि एकेका दिवसाचा पगार देऊन ती चालवली. १९८० च्या लष्करी उठावाच्या वेळी राजधानीतील केंद्रे गप्प झाल्यावर खाणींतील केंद्रांनी एकमेकांना जोडून घेऊन प्रक्षेपण चालू ठेवले, शेवटी सैन्य दारात येईपर्यंत. स्वातंत्र्याचा याहून उजळ नमुना मला ठाऊक नाही. पण १९८५ मध्ये कथिलाचा भाव कोसळला, सरकारने खाणी बंद केल्या, वीस हजारांहून अधिक कामगार विखुरले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बहुतेक केंद्रेही क्षीण झाली. वर्गणीवर चालणारे केंद्र खाणीबरोबरच मरते, आणि गावाला त्याची सर्वाधिक गरज नेमकी त्यानंतर लागते. संपूर्ण केंटकीत आज काही हजारच खाणकामगार उरले आहेत. त्यांच्या एका दिवसाच्या पगारावर केंद्र चालवा असे म्हणणे म्हणजे ते बंद करा म्हणण्यासारखेच आहे.

म्हणून मी खनिजावरील कराकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दलालांनी या डोंगरातल्या अल्पशिक्षित शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या खनिजाचे हक्क एकरी किरकोळ रकमेत लिहून घेतले, आणि त्या कागदांच्या जोरावर पुढे त्यांच्या नातवंडांच्या डोक्यावरचे डोंगर खणले गेले. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय अशा रीतीने वरून खणण्याला केंटकीच्या मतदारांनी १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून आळा घातला. लेचर काउंटीतल्याच स्कोशिया खाणीत १९७६ च्या मार्चमध्ये दोन दिवसांच्या अंतराने झालेल्या स्फोटांत २६ माणसे मेली, आणि १९७७ चा खाणसुरक्षा कायदा त्यानंतर आला. म्हणजे देशाला वीज मिळाली, पोलाद मिळाले, सुरक्षेचा कायदाही मिळाला. केंटकीने १९७२ मध्ये कोळशाच्या मूल्यावर कर लावला, पुढे तो साडेचार टक्के केला आणि त्याचा काही भाग खाणकाउंट्यांकडे परत जावा अशी व्यवस्था केली, हे योग्यच झाले. पण २०१२ च्या अर्थसंकल्पात याच करातले २५ लाख डॉलर लेक्सिंग्टन शहरातील बास्केटबॉलच्या मैदानाच्या नूतनीकरणाच्या आराखड्यासाठी दिले गेले. लेक्सिंग्टनमध्ये कोळशाची खाण नाही. त्या रकमेत डोंगरातले एक लहान केंद्र किती वर्षे चालले असते, याचा हिशेब त्या वेळी कुणी मांडायला हवा होता. कोळसा कमी होतो तसा करही आटतो, हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच हा पैसा दरवर्षी खर्च न करता त्याचा कायमस्वरूपी निधी करून व्याजातून देणे शहाणपणाचे होते. वायोमिंगने १९७० च्या दशकात आपल्या खनिजावरच्या कराचा असा निधी केला. केंटकीने ती संधी गमावली. जो कर अजून येतो आहे त्यातून का होईना, ती सुरुवात आता करावी, आणि केंद्राने काय बोलावे, काय वाजवावे यात राज्याने हात घालू नये, यासाठी पैशाचे वाटप श्रोत्यांनी निवडलेल्या मंडळाकडे द्यावे.

हा विचार महाराष्ट्रातल्या वाचकाला दूरचा वाटू नये. चंद्रपूर आणि वणीच्या पट्ट्यात कोळसा निघतो. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणधारकाला स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) तीस टक्के, आणि नव्या भाडेपट्ट्यांसाठी दहा टक्के, इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते, ती खाणबाधितांसाठीच आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीवरचे एक घर डोळ्यांदेखत जमिनीत गेले आणि भोवतालच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. अशा वस्तीला, झाडीबोलीत आणि गोंडीत बोलणारे, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांची पदे म्हणणारे, जुन्या बोगद्यांचे नकाशे समजावून सांगणारे स्वतःचे केंद्र असावे, आणि त्याचा खर्च प्रतिष्ठानाने उचलावा, ही मागणी जिल्ह्यातील लोकांनी केली तर ती अवाजवी ठरणार नाही. सामुदायिक रेडिओचा परवाना स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून मिळू शकतो. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला असे केंद्र चालते. अडचण वेगळीच आहे. आपल्या नियमांनुसार सामुदायिक केंद्राला आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देण्यापलीकडे स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पूर आला, रस्ता बंद झाला, हे सांगता येते. पण अमुक खाणीतल्या धुळीने किती कामगारांची फुप्फुसे गेली, हे शोधून सांगता येत नाही. व्हाइट्सबर्गच्या केंद्राने केलेले सर्वांत मोलाचे काम घुग्घुसच्या केंद्राला कायद्यानेच मना आहे. म्हणून इथे पैशाच्या मागणीबरोबरच, आणि खरे तर तिच्याही आधी, ही बंदी उठवण्याची मागणी करावी लागेल.